भिकाजी शितपचा उजवा डोळा

४ जून १९२६ रोजी भिकाजी शितप याने राजापूरच्या हसनमियाँकडून तीन रुपये दहा आण्यांचा चष्मा घेतला. दोन रुपये रोख दिले, एक रुपया दहा आणे बाकी राहिले. बाकी ठेवण्याची भिकाजीची इच्छा नव्हती. पूर्ण पैसे त्याच्या कनवटीला होते. बाकी ठेवायला हसनमियाँनीच लावले, आणि तो त्यांचा नेम होता. कोणत्याही गिऱ्हाइकाकडून ते पहिल्या दिवशी पुरे पैसे घेत नसत. पुरे पैसे दिलेला माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, आणि डोळा तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, असे ते म्हणत. थोडे देणे राहिले की माणूस ते फेडायला येतो, आणि आला की त्याचे डोळे पाहता येतात.

मी त्या वेळी आप्पा लिमये यांच्याकडे नोकरीला होतो. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या रस्त्याला आप्पांची आंब्याची बाग होती आणि कलमांचा व्यापार होता. मुंबईस कॉमर्सची परीक्षा देऊन मी नुकताच परत आलो होतो आणि त्यांचे हिशेब व पत्रव्यवहार पाहत होतो. भिकाजी हा त्यांचा कलमे बांधणारा. मूळ गाव आत, डोंगराच्या बाजूला. बायको राही. दोघे पावसाळ्याचे चार महिने बागेतल्या खोपटात राहत आणि भात कापायला गावी जात.

भिकाजीचे काम असे. मडक्यात वाढवलेले बाठ्याचे, म्हणजे कोयीतून उगवलेले, रोप माचावर चढवून जुन्या हापूसच्या फांदीशेजारी आणायचे. रोपाची साल बोटभर उतरवायची, फांदीचीही तेवढीच उतरवायची. दोन्ही काप एकमेकांवर असे बसले पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये. मग केळीच्या सोपटाने घट्ट बांधून वरून शेणमाती लिंपायची. काप जरा वाकडा गेला की दोन महिन्यांनी सोडल्यावर आत काळे पडलेले दिसते. राही मडके धरून उभी राही, भिकाजी चाकू चालवी. शंभरात पंचाऐंशी कलमे लागत. जिल्ह्यात असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असे आप्पा गिऱ्हाइकांना सांगत.

१९२५ च्या पावसाळ्यात मात्र दोनशे चाळीस कलमांपैकी नव्वद वाया गेली. आप्पांना वाटले, भिकाजी पिऊ लागला. त्यांनी मला लक्ष ठेवायला सांगितले. मी पाहिले ते एवढेच की तो फांदी डोळ्यांपासून लांब धरण्यासाठी मान मागे मागे नेत असे, आणि फांदी झाडाला असल्यामुळे ती काही लांब जात नसे. मी हे आप्पांना सांगितले. आप्पा हसले आणि म्हणाले, "अरे, याला चाळिशी लागली. मी उगाच त्याच्या तोंडाचा वास घेत होतो."

हसनमियाँ वर्षातून दोनदा येत, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. पत्र्याची एक पेटी, तीत कापसात ठेवलेले चष्मे. शिकलेल्या माणसापुढे ते अक्षरांचा पुठ्ठा धरीत. न शिकलेल्याला त्याच्याच कामाची वस्तू हातात घ्यायला लावीत. दर्याच्या माणसाला जाळ्याची गाठ, शिंप्याला सुई. भिकाजीला त्यांनी आंब्याचे पान आणि चाकू घ्यायला सांगितले आणि वय विचारले. मोठ्या वादळाच्या साली आपण रांगत होतो, एवढेच भिकाजीला ठाऊक होते. हसनमियाँनी मनात आकडा धरून एक काच दिली, मग दुसरी. तिसरी लावल्यावर भिकाजीने पान उलटे करून पाहिले. मग त्याने राहीला हाक मारली आणि पानाच्या मागे एवढ्या शिरा असतात हे तिला माहीत होते का, असे विचारले. राही म्हणाली, तिला रोज दिसतात.

त्या वर्षी कलमे पुन्हा लागली.

सहा वर्षे तो चष्मा चालला. मध्ये एकदा हसनमियाँनी काचा बदलून दिल्या आणि त्याचे पैसे घेतले, पण जुने एक रुपया दहा आणे तसेच ठेवले. भिकाजी दर खेपेस द्यायला निघे आणि ते दर खेपेस हात मागे घेत. हे आमच्याकडे थट्टेचे झाले होते.

१९३२ च्या श्रावणात एक गोष्ट घडली. भिकाजी सकाळी माचावर चढला आणि चष्मा खोपटातच राहिल्याचे अर्धे काम झाल्यावर त्याच्या लक्षात आले. काप बरोबर बसले होते. त्याने खाली येऊन पान पाहिले. पानावरची बारीक तांबडी मुंगी दिसत होती, तिचे पायही दिसत होते. चष्मा लावला तर उलट सगळे पुसट होत होते. पन्नाशीच्या माणसाची नजर तिशीच्या माणसासारखी झाली होती.

त्याच्या गावात धाकू म्हणून झाडपाल्याचे औषध देणारा एक म्हातारा होता. भिकाजीच्या डोळ्यांना पाणी येई म्हणून तो दोन महिने एका मुळीचा रस मधात घालून डोळ्यांत सोडायला देत होता. साहजिकच हा गुण धाकूचा ठरला. स्वतः धाकूलाही नवल वाटले, पण त्याने नाही म्हटले नाही. भिकाजी आणि राही गणपतीपुळ्याला चालत जाऊन नारळ ठेवून आली. चष्मा फडक्यात गुंडाळून खोपटाच्या वाशाला खोचला गेला. आप्पांनी धाकूला धोतरजोडी दिली, आणि स्वतःचे डोळेही त्याला दाखवले.

दिवाळीनंतर हसनमियाँ आले, तेव्हा भिकाजी भेटला नाही. भात झोडायला गावी गेल्याचा निरोप होता. पुढच्या मृगाला आले, तेव्हा तो खोपटात होता, पण मागच्या वाटेने वाडीत निघून गेला. मी त्याला याबद्दल विचारले. चष्मा आता लागत नाही, मग न लागणाऱ्या वस्तूची बाकी कशी द्यायची, आणि देत नाही असे तोंडावर तरी कसे सांगायचे, या पेचात तो होता. जी बाकी माणसाने परत यावे म्हणून ठेवली होती, तिनेच त्याला दूर ठेवले. हसनमियाँना ही गोष्ट कळली नाही, आणि आम्हांपैकी कोणाला ती सांगावीशी वाटली नाही. बऱ्या झालेल्या डोळ्यांबद्दल चष्मेवाल्याला काय सांगायचे?

चष्मा सुटल्यापासून वर्षभरात लांबचे दिसणे कमी झाले होते. जवळचे चांगले दिसत असल्यामुळे भिकाजीने ते मनावर घेतले नाही. त्याचे काम वीतभर अंतरावरचे होते. तो बागेच्या फाटकातून येणाऱ्या माणसाला ओळखेनासा झाला. एकदा त्याने आप्पांच्या व्याह्यांना आप्पा समजून खताचा हिशेब सांगितला. भर उन्हात त्याला कमी दिसे आणि तिन्हीसांजेला बरे दिसे, याचेही आम्हांला हसू येई. मग १९३३ च्या पावसाळ्यात जवळचेही धूर भरल्यासारखे झाले. त्या हंगामात दोनशेंपैकी सत्तर कलमे लागली. भिकाजीने स्वतःच आप्पांना सांगितले की पुढच्या वर्षी दुसरा माणूस पाहा.

१९३४ च्या माघात शेजारच्या गावच्या जत्रेत घाटावरून एक मोतीबिंदू काढणारा आला होता. तो सुईने काम करी. लोक त्याला सुईवाला म्हणत. भिकाजीला पाहून त्याने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले, आणि ते खरे होते. पाच रुपयांत एक डोळा. राहीने एकच करून घ्या म्हणून हट्ट धरला, आणि पुढे जे वाचले ते त्या हट्टामुळे वाचले. भिकाजीला उकिडवे बसवून एकाने मागून डोके धरले. सुईवाल्याने डाव्या डोळ्यात सुई घातली, आत काहीतरी खाली ढकलले आणि पाण्याची धार मारली. हे सर्व जेवणाचे पान मांडायला लागतो तेवढ्या वेळात झाले. मग त्याने बोटे धरली. भिकाजीने तीन म्हणून सांगितले, आणि तीनच होती. भोवतालच्या माणसांत एकदम गलका झाला. त्या दिवशी सुईवाल्याकडे आणखी अकरा जण बसले.

भिकाजी स्वतःच्या पायांनी घरी आला. वीस दिवस त्याला माणसांचे आकार, झाडे, राहीच्या लुगड्याचा रंग दिसत होता. एकविसाव्या दिवशी डोळा ठणकू लागला आणि लाल झाला. धाकूने रस सोडायला नकार दिला. तो म्हणाला, पाणी येणाऱ्या डोळ्याचे त्याला कळते, सुई लागलेल्या डोळ्याचे कळत नाही. महिनाभराने ठणका थांबला. डाव्या डोळ्याने दिसणेही थांबले, दिवा धरला तरी कळेना.

मी त्याला शहरात आप्पांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. तापापासून बाळंतपणापर्यंत सगळे पाहणारे ते गृहस्थ होते. त्यांनी भिंगाने दोन्ही डोळे पाहिले. डावा डोळा गेला, त्यात आता काही करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उजव्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. तो निघेल, पण तो काढणे हे आपले काम नाही. मुंबईचे डॉ. दत्तात्रेय फणसळकर फक्त डोळ्यांचेच काम करतात, पौषात ते पंधरा दिवस रत्नागिरीच्या एका धर्मशाळेत येऊन शस्त्रक्रिया करणार आहेत, तेव्हा या.

भिकाजीने ऐकून घेतले आणि वाटेत मला सांगितले की तो येणार नाही. सुईने एक डोळा नेला, सुरीने दुसरा नेईल. उजव्या डोळ्याने अजून दार कुठे आणि चूल कुठे एवढे कळत होते. तेवढे त्याला पुरे होते. यानंतर आप्पांनी समजावले, राहीने अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. तो खोपटाच्या दारात बसून अंदाजाने सोपटे सोली, आणि त्याच्या माचावर आप्पांनी आणलेला दुसरा माणूस हंगामाआधी हात बसवी. त्या माणसाच्या चाकूचा आवाज ऐकून तो काप कसा गेला ते सांगत असे. बहुतेक वेळा ते बरोबर असे.

त्या वर्षी मृगाच्या आधी हसनमियाँ आले आणि थेट खोपटाच्या दारात गेले. मी बरोबर होतो. भिकाजीने त्यांना आवाजावरून ओळखले आणि उठायला लागला.

"बस," हसनमियाँ म्हणाले. "एक रुपया दहा आण्यांसाठी दोन वर्षं पळतोस. मीच आलो वसुलीला."

"चष्मा सुटला होता माजा, मियाँ. धाकूच्या रसानं. मग त्याचं पैसं कसं देऊ?"

हसनमियाँनी पेटी खाली ठेवली. चष्मा नेमका कधी सुटला, तेव्हा लांबचे कसे दिसत होते, उन्हात कसे, संध्याकाळी कसे, हे त्यांनी एकेक करून विचारले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पन्नाशीच्या माणसाचा चष्मा आपोआप सुटला," ते म्हणाले, "म्हणजे डोळा बरा झाला नाही रे. आतला मणी पिकायला लागला. वर्ष-दोन वर्षं जवळचं झकास दिसतं, मग पडदा. मी दहा माणसं अशी बघितलीत. तू त्या दिवशी माझ्यासमोर आला असतास तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. बाकी ठेवतो ती ह्याच्यासाठी."

भिकाजीने मान खाली घातली. राही आतून म्हणाली, "आनि मी पुळ्याला नारळ ठेवून आले."

हसनमियाँनी सांगितले, नारळ वाया जात नाही. मग त्यांनी शस्त्रक्रियेचे काय ठरले ते विचारले आणि भिकाजीने नकार सांगितला. सुईवाल्यानेही मोतीबिंदूच काढला होता, डॉक्टरही तोच काढणार. एक जत्रेत बसतो, एक धर्मशाळेत, एवढाच फरक.

"काढला नव्हता," हसनमियाँ म्हणाले. "ढकलला होता. मणी आतच, डोळ्याच्या तळाशी. मला सांग, कलमाची काडी मेली, ती तशीच आत ठेवून तू वरून माती लिंपलीस, तर काय होतं?"

भिकाजीचा हात सोपटावर थांबला. "चार दिवस हिरवी दिसते," तो म्हणाला. "मग कुजते. रोपालाबी घेऊन जाते."

"डॉक्टर ती काडी बाहेर काढतो."

"तुमी का नाय काढत?"

"मी काचवाला. डोळ्यापुढे काय ठेवायचं ते मला कळतं. डोळ्याच्या आत माझा हात गेला, तर मी आणि तो सुईवाला एकच."

भिकाजी यावर लगेच हो म्हणाला नाही. त्याने एवढेच मान्य केले की पौषात डॉक्टरांना भेटू, पण काही विचारू, आणि उत्तर पटले नाही तर उठून येऊ. वसुलीचे पैसे त्याने पुढे केले. हसनमियाँनी घेतले नाहीत. पौषानंतर पाहू म्हणाले.

१९३५ च्या जानेवारीत आम्ही धर्मशाळेत गेलो. डॉ. फणसळकर कमी बोलणारे होते. त्यांनी खोली अंधारी करून दिव्याने उजवा डोळा पाहिला. दिवा वर, खाली, दोन्ही बाजूंना धरून उजेड कुठून येतो ते विचारले. मग डाव्याकडे पाहिले आणि कोणी केले म्हणून विचारले. भिकाजीने सांगितले. डॉक्टर सुईवाल्याबद्दल काही वाईट बोलले नाहीत, हे भिकाजीच्या लक्षात राहिले. पुढे तो ते नेहमी सांगत असे.

मग भिकाजीने आपला प्रश्न विचारला. "शंभरात तुमची किती लागतात?"

डॉक्टरांना कळले नाही. तो कलमे बांधतो आणि त्याची शंभरात पंचाऐंशी लागत, हे मी सांगितले.

डॉक्टर म्हणाले, "शंभरात चौऱ्याण्णव. उरलेल्या सहांत तू असशील तर हाही डोळा जाईल. मला आधी सांगता येणार नाही."

"सुईवाला म्हनाला होता, सगळी लागतात," भिकाजी म्हणाला. मग तो म्हणाला, "करा. तुमचा हात माज्यापरीस बरा हाय."

शस्त्रक्रियेला मी नव्हतो. राही बाहेर बसली होती. डोळ्यात औषधाचे थेंब घालून तो बधिर केला आणि पुढचे काही दुखले नाही, असे भिकाजी सांगे. त्यानंतर दहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उताणे पडून राहायचे, खोकायचे नाही, शिंकायचे नाही, जोराने हसायचे नाही. राही त्याला चमच्याने पेज भरवी आणि न हसवणाऱ्या गोष्टी सांगे. तिच्या माहेरी अशा गोष्टींचा तुटवडा नव्हता, असे भिकाजी नंतर म्हणाला.

अकराव्या दिवशी पट्टी सोडली. उजेड भरपूर होता, रंग होते, पण कशालाच कड नव्हती. डॉक्टरांनी बोटे धरली. भिकाजीला ती मोजता आली, पण फार लक्ष देऊन. राहीचा चेहरा त्याला तांबूस डागासारखा दिसला. सुईवाल्याची बोटे त्याला याहून स्पष्ट दिसली होती.

डॉक्टरांनी डोळा नीट पाहिला आणि तो उत्तम असल्याचे सांगितले. "आतला मणी काढला, तेव्हा त्याचं काम आता बाहेरच्या काचेनं करायचं," ते म्हणाले. "माझं काम इथं संपलं. पुढचं चष्मेवाल्याचं." पुढच्या गावांचे काम आटोपून दीड महिन्याने मुंबईला परतताना ते पुन्हा रत्नागिरीवरून जाणार होते. त्या वेळी त्यांनी वेगवेगळ्या काचा लावून नंबर काढला आणि कागदावर लिहून दिला. लांबची एक, जवळची एक.

तो कागद मी राजापूरला हसनमियाँना पाठवला. त्यांनी मुंबईहून काचा घासून आणवल्या. आगबोटीने त्या आल्या, तेव्हा हसनमियाँ स्वतः घेऊन आले. काच मधोमध बोरासारखी फुगलेली होती. काचांचे अकरा रुपये आप्पांनी दिले. जवळची काच हसनमियाँनी १९२६ च्या जुन्याच चौकटीत बसवली, कारण ती भिकाजीच्या नाकाला सवयीची होती. वाशाला खोचलेला तो चष्मा राहीने काढून आणला. डाव्या बाजूला साधी काच घातली.

चष्मा लावल्यावर भिकाजीने आधी राहीकडे पाहिले नाही. त्याने खाली वाकून आंब्याचे पान उचलले आणि उलटे करून धरले.

"किती शिरा?" हसनमियाँनी विचारले.

"होत्या तेवढ्या हायत," भिकाजी म्हणाला.

यानंतर तो पूर्वीसारखा झाला असे मी लिहिले तर ते खरे होणार नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही. फांदी आहे तिथे वाटते, आणि चाकू तिच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. मृग लागला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने स्वतःचे बोट दोनदा कापले. मग त्याने पद्धत बदलली. डाव्या हाताचा अंगठा फांदीवर टेकवायचा, आणि चाकू अंगठ्याला धरूनच सरकवायचा. महिनाभर तो पेरूच्या फेकलेल्या डहाळ्यांवर हे करीत बसे. आप्पांनी घाई केली नाही. आषाढात त्याने माचावर चढून साठ कलमे बांधली. राहीने मडकी धरली. भाद्रपदात सोडली तेव्हा एक्कावन्न लागली होती. मी हिशेब केला, शंभरात पंचाऐंशी. भिकाजीने तो आकडा माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला.

दिवाळीनंतर हसनमियाँ आले. भिकाजीने त्यांना माचाखाली नेऊन लागलेली कलमे दाखवली, मग कनवटीचे पैसे काढले. हसनमियाँनी पेटी बंद केली. "एक डोळा उरलाय तुझा," ते म्हणाले. "आता तर मी मुळीच घेणार नाही. वर्षातून दोनदा येत जा." त्यानंतर तो दर खेपेस त्यांच्या वाटेवर जाऊन उभा राही, आणि तेही काम सोडून त्याचा डोळा पाहत.

१९३८ च्या मृगाला हसनमियाँ आले नाहीत. दिवाळीनंतरही आले नाहीत. भिकाजीने मोटारवाल्याबरोबर राजापूरला पैसे पाठवले. मोटारवाल्याने ते परत आणले. हसनमियाँ चैत्रात वारले होते आणि घरची माणसे मुंबईला गेली होती. कुठे, ते शेजाऱ्यांना माहीत नव्हते. भिकाजीने पैसे माझ्याजवळ दिले आणि पत्ता लागला की पोचते करा म्हणून सांगितले.

पत्ता लागला नाही. एक रुपया दहा आणे अजून द्यायचे आहेत.